लक्ष्मणराव किर्लोस्कर : कष्टांची ओळख ठेवणारा कारखानदार



स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहून द्यावे असे बैठकीत ठरले, तेव्हा मी आधी मागेच सरकले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा लाटणेच माझ्या हाताला जास्त ओळखीचे. पण गेले वर्षभर एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली आहे. ती आपणा सर्वांपुढे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. ती सांगण्याआधी मात्र एका थोर माणसाची हकीकत सांगते, कारण माझी चूक मला त्यांच्या चरित्रामुळेच उमगली.

माझे माहेर इंदापूर तालुक्यातले. शेती नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरची. आमच्या गोठ्याच्या भिंतीला आजोबांचा जुना लोखंडी नांगर टेकवून ठेवलेला असे. ट्रॅक्टर आल्यावर त्याचे काम संपले होते, पण आजोबा तो मोडीत घालू देत नसत. त्यावर ओतीव अक्षरांत किर्लोस्कर असे नाव होते. शाळेत अक्षरे शिकले तेव्हा गंजाखालची ती अक्षरे बोटाने चाचपून मी वाचली होती. पुढे लग्न होऊन बारामतीला आले, तर इथल्या विहिरीवरच्या पंपावरही तेच नाव! हे नाव कोणाचे, हा माणूस कोण, असा विचार मात्र कधी मनात आला नाही. मागच्या पावसाळ्यात वाचनालयातून पुस्तके आणून वाचली आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांची खरी ओळख झाली.

कोणी म्हणेल, आपल्या इंदापूर तालुक्यातच वालचंद हिराचंद यांचे वालचंदनगर उभे असताना ही दूरची कथा कशाला? वालचंदांची कर्तबगारी मोठीच आहे आणि तिच्याविषयी आपल्यापैकी दुसरी कोणी लिहीलच. मला जे शिकायचे होते ते मात्र किर्लोस्करवाडीला सापडले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक. घरचे वळण पोथीपुराणांचे, पण या मुलाचे मन रमे ते चित्रे काढण्यात आणि वस्तूंची मोडतोड करून त्या पुन्हा जोडण्यात. शाळेत त्यांचे फारसे लक्ष लागेना. अशा मुलाविषयी घराघरांतून जे बोलले जाते ते त्यांच्याविषयीही बोलले गेले असेल. पण थोरले बंधू रामूअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला गेले आणि जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकू लागले.

तिथे एक विचित्र अडचण निघाली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नसे. रंग नीट कळत नाहीत त्याने चित्रकार कसे व्हायचे? दुसरा कोणी खचून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेघ सोडली नाही. यंत्रांचे आराखडे काढण्याची कला त्यांनी हस्तगत केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत ते तोच विषय शिकवू लागले. फावल्या वेळी तिथल्या कर्मशाळेत जाऊन यंत्रे स्वतःच्या हाताने चालवून पाहत. याच काळात, १८८८ साली, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, अशी ती वाटणी होती.

संस्थेत त्यांनी बरीच वर्षे मन लावून काम केले. वरची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपल्याला मिळेल असे त्यांना वाटणे साहजिक होते. पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. राज्य इंग्रजांचे होते आणि कातडीचा रंग कामापेक्षा मोठा ठरला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

भगिनींनो, चरित्र वाचताना मी इथे थबकले. कष्ट करणाऱ्याच्या मनाला खरे लागते ते पगार कमी मिळाल्यापेक्षा आपले काम कोणी पाहिलेच नाही याचे. हे दुःख सोसलेला माणूस पुढे दोन तऱ्हांनी वागतो. एक तर आपण सोसले म्हणून दुसऱ्यालाही सोसायला लावतो. नाहीतर ते आपल्या हाताखालच्या माणसाच्या वाट्याला येऊ नये म्हणून जपतो. पुढची सारी हकीकत वाचून मला वाटते, लक्ष्मणरावांनी दुसरी वाट धरली.

बेळगावात त्यांनी सायकलींच्या जोडीला कडबा कापण्याची यंत्रे बनवायला घेतली. मग १९०३ सालच्या सुमारास लोखंडी नांगर. आज आपल्याला नवल वाटेल, पण त्या काळी शेतकरी या नांगराला हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिले नांगर विकले जायला तब्बल दोन वर्षे लागली. लाकडी नांगर काळ्या जमिनीत वरवर चाले, हरळी आणि कुंद्याच्या मुळ्या खालीच राहत. लोखंडी नांगर माती उलथून त्या वर काढी. हे डोळ्यांनी पाहिल्यावर हळूहळू लोकांची खात्री पटत गेली.

धंद्याला जरा बरे दिवस येतात तोच कारखान्याची जागा सोडून देण्याची पाळी आली. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी ती जागा हवी होती. उभा केलेला कारखाना मोडून कुठे न्यायचा? अशा वेळी औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. लक्ष्मणरावांनी पूर्वी औंधच्या देवळाच्या सभामंडपाचे काम केले होते. तेव्हापासून राजेसाहेब त्यांना ओळखत होते. त्यांनी संस्थानातल्या कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली आणि पैशाचीही मदत केली. मागे मन लावून केलेल्या कामाची कोणीतरी आठवण ठेवली होती, ती अशी उपयोगी पडली.

१० मार्च १९१० रोजी या माळावर किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आज ही वाडी सांगली जिल्ह्यात येते आणि स्टेशनालाही तिचेच नाव आहे. पण तेव्हा तिथे होते ते निवडुंगाचे रान, दगडधोंडे आणि सापविंचू. घर नाही, दुकान नाही, प्यायच्या पाण्याचीही मारामार. अशा जागी लक्ष्मणराव, त्यांच्या पत्नी राधाबाई आणि मुलेबाळे येऊन राहिली आणि त्यांच्याबरोबर पंचवीसएक कामगार आपापली बायकामुले घेऊन आले.

यावर आपण बायकांनी थोडा विचार करावा. त्या पंचवीस घरांतल्या बायकांनी बेळगावचे राहते घर मोडून, निवडुंग तोडून केलेल्या जागेत चूल मांडली. त्यांची नावे मला कुठे वाचायला मिळाली नाहीत. पण धनी चार पैसे जास्त देतो एवढ्यावर कोणी लेकरे घेऊन सापांच्या माळावर जात नाही. हा माणूस आपल्याला वाऱ्यावर सोडणार नाही असा भरवसा असल्याशिवाय हे होत नाही. आणि तो भरवसा एका दिवसात जमत नाही. पीठ भिजायला वेळ लागतो, तसाच त्यालाही लागतो.

आता त्यांच्या माणसांविषयी सांगते, कारण माझ्या लेखाचा जीव त्यातच आहे. कारखाना म्हटला म्हणजे शिकलेसवरलेले इंजिनिअर गोळा करावेत. लक्ष्मणरावांकडे आली ती मात्र बहुतेक अशी माणसे, ज्यांच्यावर इतर कोणी फुली मारली असती. अनंतराव फळणीकर यांची शाळा अर्ध्यावर सुटलेली. पण त्यांची कल्पकता लक्ष्मणरावांनी हेरली आणि त्यांच्या हाती यंत्रांचे काम सोपवले. शाळा सुटलेला हा माणूस पुढे वाडीचा नामांकित यंत्रज्ञ झाला. के. के. कुलकर्णी यांनी कॉलेज सोडलेले. ते वाडीत पडेल ते काम अंगावर घेणारे हरहुन्नरी कार्यकर्ते ठरले. हिशेबाची बाजू मंगेशराव रेगे यांनी सांभाळली. आणि सर्व कारभाराची, माणसांच्या देखरेखीची जबाबदारी होती थोरल्या रामूअण्णांकडे.

त्याहून मोठी गोष्ट पहारेकऱ्यांची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. त्यांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीवर नेमले. त्या काळी इंग्रज सरकारने १८७१ चा कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. जन्माला येताच कपाळी शिक्का! तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. अशा दिवसांत शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या भरवशावर सारा कारखाना आणि बायकामुले झोपवायची, हे साधे धाडस नव्हे. त्या दोघांनी तो विश्वास राखला. वाडीत शिवाशीवही लक्ष्मणरावांनी बंद केली. कारखान्याच्या आवारात माणसाची जात चालायची नाही, हा त्यांचा नियम होता.

मला वाटते, कदर म्हणतात ती हीच. पाठीवर थाप मारणे सोपे असते. ती मारून माणूस आपल्या वाटेने निघून जातो. पण एखाद्याच्या हातात काल होते त्यापेक्षा मोठे काम देणे, म्हणजे मी तुझे काम पाहिले आहे असे न बोलता सांगणे होय.

आणखी एक गोष्ट नावाची. यंत्रांचे डोके लक्ष्मणरावांचे होते. पाटीवर एकट्याचे नाव लावले असते तर कोण विचारणार होते? पण पाटीवर होते ते किर्लोस्कर ब्रदर्स. ज्या भावाने पाठीशी राहून शिकू दिले आणि सायकली विकून धंद्याचा पाया घातला, त्याचा वाटा त्या नावातच होता. १९२० साली धंद्याची रीतसर कंपनी झाली तेव्हाही हेच नाव कायम राहिले. आजही पंपावर ते वाचता येते.

नांगरांमागून उसाचे चरक आले, मग पाण्याचे पंप आले. आपल्या नीरेच्या काठच्या शेतकऱ्याला या वस्तूंची काय किंमत, हे मी सांगायला नको. वाडीतून दुसरेही एक पीक निघाले, ते खास आपल्यासाठी. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली किर्लोस्कर खबर हे मासिक सुरू केले, पुढे तेच किर्लोस्कर मासिक झाले. आणि १९३० साली त्यांनी स्त्री हे मासिक काढले. नांगर बनवणाऱ्या कारखान्याच्या गावातून बायकांचे मासिक निघावे आणि त्यात घरोघरच्या बायकांनी लिहावे, हे त्या काळी केवढे! आज माझ्यासारखी सातवी शिकलेली बाई स्मरणिकेत लिहिते आहे, तिच्या पाठीमागे अशा किती जणींची वाट मळलेली आहे.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत जाऊन शिकले आणि १९२६ साली पदवी घेऊन परत आल्यावर वाडीच्याच कामाला लागले. पुढे हरिहर, बंगळूर, पुण्याजवळ खडकी अशा ठिकाणी कारखाने निघाले. पण सारे गोडच झाले असे नाही. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. हयातभर माणसे जपलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते पाहताना काय वाटले असेल, याची मला कल्पनाही करवत नाही. आपण चांगले वागलो म्हणून जग आपल्याशी चांगलेच वागते असे नाही, हे यातून कळते. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी देह ठेवला. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आता माझी गोष्ट.

आपल्या मंडळाच्या पापड विभागाचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे. कारखाना नव्हे, पण दहा-बारा बायका हाताखाली काम करतात म्हणजे मीही लहानशी कारखानदारीणच की. त्यांत एक मावशी होत्या. त्यांचे नाव मी इथे घालत नाही, त्यांना ते आवडणार नाही. उडदाच्या पिठात पापडखार किती, हिंग केव्हा, पीठ किती वेळ कुटायचे, लाटी कधी पाडायची, हे सारे त्यांच्या हाताला ठाऊक. आमचा पापड तळल्यावर फुलतो आणि तोंडात विरघळतो, अशी जी ख्याती झाली ती त्यांच्या हाताची. आम्ही बाकीच्या नुसत्या लाटणाऱ्या.

मागच्या वर्षी एका प्रदर्शनात आमच्या पापडांचे कौतुक झाले. पाहुण्यांनी मला व्यासपीठावर बोलावले, शाल दिली, नारळ दिला. मला चार शब्द बोलायला सांगितले. मी मंडळाचे आभार मानले, पाहुण्यांचे मानले, घरच्यांचे मानले. मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. पहाटे चारला उठून त्यांनी त्या दिवसासाठी पीठ कुटले होते. त्यांचे नाव माझ्या तोंडी आले नाही. मुद्दाम टाळले असेही नाही. आलेच नाही, आणि हेच मला जास्त टोचते.

पुढच्या आठवड्यापासून त्या येईनाशा झाल्या. विचारले तर गुडघे दुखतात म्हणाल्या. मीही तेच खरे धरून चालले, कारण ते सोयीचे होते. त्यांच्यावाचून पापड लाल पडू लागले, मोडू लागले, तेव्हा मी मापात चूक शोधत बसले. मग पावसाळ्यात हे चरित्र हाती आले. वरची जागा दुसऱ्याला मिळाल्यावर लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला, ते पान वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मागच्या रांगेतल्या मावशी उभ्या राहिल्या. मला एकदम समजले की त्यांनीही राजीनामाच दिला होता. गुडघ्यांचे कारण त्यांनी माझी लाज राखण्यासाठी सांगितले होते.

मी ती शाल घेऊन त्यांच्या घरी गेले. चूक झाली असे सांगितले. त्यांनी चहा केला, माझ्या सासूबाईंची चौकशी केली. शाल मात्र घेतली नाही. पापडाच्या गोष्टीवर काहीच बोलल्या नाहीत. मी उठताना मात्र त्यांनी सुनेला हाक मारली आणि उद्यापासून हिला पाठवते म्हणाल्या. ती सून आता आपल्याकडे येते. सासूचे मोजमाप ती शिकून आली आहे आणि पापड पुन्हा पहिल्यासारखा होऊ लागला आहे. मावशी स्वतः अजून आलेल्या नाहीत. वेळ गेल्यावर मानलेले आभार असे अर्धेच पोचतात.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. कोणत्या दिवशी पीठ कोणी कुटले, लाट्या कोणी पाडल्या, वाळवण कोणी राखले, हे नावानिशी लिहिते. पाहुणे आले म्हणजे जिचे काम तिलाच पुढे करते. सून नवी असली तरी पीठ मळण्याचा मान तिच्याकडेच दिला आहे. पहिल्या दिवशी तिचे हात थरथरत होते, आता थरथरत नाहीत.

आपल्यापैकी कितीतरी जणी आज कोणाच्या ना कोणाच्या वरच्या झाल्या आहेत. कोणी बचत गटाची अध्यक्ष आहे, कोणी अंगणवाडीत ताईपणा करते, कोणाच्या घरी धुणेभांड्याला बाई येते, कोणाच्या शेतात खुरपणीला बायका येतात. आपल्याला घरात कोणी विचारत नाही, असे आपण हळदीकुंकवाला एकमेकींना सांगतो. तेच दुःख आपण आपल्या हाताखालच्या बाईला देत नाही ना, एवढे प्रत्येकीने रात्री निजताना मनाशी विचारावे.

मंडळाला माझी एक विनंती आहे. या वर्धापनदिनाच्या समारंभात पाहुण्यांच्या सत्काराआधी वहीतली सारी नावे मोठ्याने वाचावीत. पहिले नाव मावशींचे असावे. त्या येतील की नाही हे मला माहीत नाही. मी मात्र पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवणार आहे.